पाचपैकी तीन

"पेशंट कोण?" डोळ्यांच्या दवाखान्यातल्या खिडकीमागून कारकुनाने मान वर न करता विचारलं. कंट्रोलरसाहेबांनी बायकोकडे बोट दाखवलं आणि बाईंनी, चार वर्षांच्या सवयीने, कंट्रोलरसाहेबांकडे. तेव्हा कारकुनाने मान वर केली. समोर जाड चष्मा लावून खिडकीऐवजी शेजारच्या खांबाशी बोलणाऱ्या बाई होत्या, आणि त्यांच्या बाजूला, ज्यांचा उजवा हात स्वतःच्या मर्जीने हलत होता असे एक गृहस्थ.

"दोघांपैकी जरा कमी पेशंट कोण, ते सांगा," तो म्हणाला. "त्यांचं नाव सोबतीच्या रकान्यात लिहितो."

त्या दिवशीच्या पेशंट बाई होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा तर इतका पिकलेला की गेल्या महिन्यात त्यांनी दारामागच्या कोटाला चहा घेणार का म्हणून विचारलं होतं, आणि तो उत्तर देईना म्हणून त्याच्यावर रागावल्याही होत्या. ते हसण्यावारी गेलं. पण आठच दिवसांनी त्यांनी पेटता गॅस विझलेला समजून त्यावर हात ठेवला, तेव्हा कुणाला हसू आलं नाही. ऑपरेशन त्या दोन वर्षं टाळत आल्या होत्या. कारण विचारलं की म्हणायच्या, "मी डोळ्याला पट्टी लावून पडले, तर यांच्या शर्टाची बटणं कोण लावणार?"

हे वाक्य साहेबांना फार लागायचं. बस डेपोत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांची शिट्टी वाजल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती, म्हणून निवृत्तीनंतरही सगळी इमारत त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणत असे. मग कंपवात आला आणि बटणं, बुटांच्या नाड्या, दाढी, पाकिटातून तिकीट काढणं, हे सगळं एकेक करून बाईंकडे गेलं. बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही. म्हणूनच साहेबांनी मनाशी ठरवलं होतं की ऑपरेशननंतर सहा आठवडे बायकोच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचे, ते आपण टाकायचे. लेकीला रजा दहा दिवसांचीच मिळत होती हे जगाला सांगायचं कारण. खरं कारण हे की, चार वर्षांत या बाईसाठी आपण काहीच केलं नाही, ही गोष्ट त्यांना जेवताना, झोपताना, बटणं लावून घेताना छळत असे.

पण त्या दवाखान्यात मोठ्या सिस्टर होत्या, आणि मोठ्या सिस्टरांचा एक नियम होता. घरी थेंब टाकणार असेल त्या माणसाने आधी त्यांच्यासमोर परीक्षा द्यायची. त्यासाठी त्यांच्याकडे एक रबरी डोकं होतं. शिकाऊ नर्सेससाठी आणलेलं, एक डोळा सताड उघडा, चेहऱ्यावर सगळं सोसण्याची तयारी. साध्या पाण्याचे पाच थेंब, त्यातले तीन डोळ्यात पडले की सोबतीच्या फॉर्मवर शिक्का. नाही पडले की दुसरा माणूस आणा.

साहेबांचा पहिला थेंब रबरी नाकावर पडला. दुसरा रबरी कपाळावर. तिसरा कारकुनाच्या फॉर्मवर पडून "वय" या रकान्यातली शाई पसरली. चौथा साहेबांच्याच बुटावर. पाचव्याच्या वेळी हात असा काही उडाला की तो सिस्टरांच्या घड्याळावर गेला, आणि त्यांनी तो शांतपणे रुमालाने पुसला.

"शून्य," सिस्टर म्हणाल्या. "शेजारी कुणी आहे का?"

"शेजारी खूप आहेत," साहेब म्हणाले, "पण नवरा मी एकटाच आहे."

सिस्टरांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि ऑपरेशनची तारीख काट मारून सहा आठवडे पुढे ढकलली. त्याआधी परीक्षा पुन्हा देता येईल, पण तारीख त्याहून पुढे ढकलता येणार नाही, डोळा तेवढा थांबणार नाही, हेही सांगितलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्या लेकीच्याच वयाच्या, गेलं वर्षभर एक नवी गोळी सुरू करू म्हणून मागे लागल्या होत्या आणि साहेब "एवढ्यात नको" म्हणून ती टाळत आले होते. ती गोळी घेणं म्हणजे आजार खरा आहे हे कबूल करणं, असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी, छोटी छोटी पावलं टाकत डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "द्या ती गोळी. सहा आठवड्यांत माझी परीक्षा आहे."

डॉक्टरीणबाईंनी परीक्षा कसली ते विचारलं, ऐकून घेतलं, आणि चिठ्ठी लिहिली. पहिला आठवडा अर्धी गोळी, दिवसातून तीन वेळा. मग पूर्ण. नेहमी जेवणाच्या अर्धा तास आधी. उठताना सावकाश उठायचं, चक्कर येऊ शकते. आणि धीर धरायचा.

अर्धी गोळी! लिहायला सोपं आहे. साहेबांना गोळीवरची मधली रेघ स्पष्ट दिसत होती, पण हातात सुरी धरवत नव्हती. बाईंना सुरी धरता येत होती, पण गोळीच दिसत नव्हती. शेवटी साहेबांनी डेपोत गाडी मागे घेताना देत तसे इशारे द्यायला सुरुवात केली. "जरा डावीकडे. अजून. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" बाईंनी सुरी दाबली. एक अर्धुक फ्रिजखाली गेलं, दुसरं साखरेच्या डब्यात, आणि ते शोधण्यासाठी सगळी साखर ताटात ओतावी लागली. दोघंही जमिनीवर बसून इतकं हसले की साहेबांना उठवायला समोरच्या विमा एजंटला हाक मारावी लागली.

इथून ही गोळी खाजगी राहिली नाही. एजंटने जिन्यातच बातमी फोडली आणि संध्याकाळपर्यंत इमारत गोळा झाली. तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी चिमटा, पातं आणि डोळ्याला लावायचं भिंग आणून पहिल्या आठवड्याच्या एकवीस अर्ध्या गोळ्या कापून दिल्या. एवढंच नव्हे, तर दोन्ही अर्धुकं समान आहेत की नाहीत ते आपल्या छोट्या काट्यावर तोलूनही दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या ड्रिलच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी ड्रिलमधून झाल्या नव्हत्या. त्यांनी साहेबांना रोज सकाळी गॅलरीत "एक, दोन, एक, दोन" करत चालवायचं अंगावर घेतलं. एजंटने स्वतःच्या साडूची गोष्ट सांगितली. साडूला हाच आजार नव्हता, दुसराच होता, पण गोष्ट उद्बोधक होती.

आणि एका बाबतीत सगळ्यांचं एकमत झालं. औषध उष्ण असतं. रिकाम्या पोटी घ्यायचं नसतं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवणाआधी," साहेब म्हणाले.

"मग जेवणाआधीच देतेय ना," बाई म्हणाल्या. "दूध म्हणजे काय जेवण आहे?"

ड्रिलच्या बाईंचं म्हणणं पडलं की नुसतं दूध पुरणार नाही, ताकद हवी, म्हणून त्यांच्याकडून रोज एक उकडलेलं अंडं यायला लागलं. एजंटच्या बायकोने भिजवलेल्या शेंगदाण्यांची वाटी सुरू केली. असं करत करत सात वाजताच्या गोळीला मोठा पेलाभर दूध, एकच्या गोळीला दूध आणि अंडं, आणि संध्याकाळी सातच्या गोळीला दूध आणि शेंगदाणे, अशी व्यवस्था लागली. साहेब वजनाने वाढले. चेहऱ्यावर तकाकी आली. हात मात्र जसा होता तसाच हलत राहिला.

साहेबांनी स्वतःच्या शिस्तीप्रमाणे भिंतीवर तक्ता लावला होता. सुटण्याची वेळ म्हणजे गोळी पोटात गेल्याची वेळ. पोहोचण्याची वेळ म्हणजे हात शांत झाल्याची वेळ. तिसरा रकाना शेऱ्याचा. साहेब तोंडाने सांगायचे आणि बाई कागदाला नाक लावून मोठ्या अक्षरात लिहायच्या, कारण साहेबांचं अक्षर आता मुंगीएवढं झालं होतं. पहिले तीन आठवडे शेरा एकच होता. "गाडी सुटली. पोहोचली नाही."

चौथ्या आठवड्यात साहेबांचा धीर सुटला. एकदा चक्कर येऊन ते भाजीवाल्याच्या टोपलीवर टेकले, आणि टोमॅटोंची जी दैना झाली ती झालीच, वर "काका, दुपारीच?" असं त्याने हळूच विचारलं. ज्या माणसाने आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं, त्याला हे ऐकावं लागलं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "राहू दे. सिस्टरांना सांगू, दुसरा माणूस आणतो म्हणून." आणि पाठ करून बसले. बाईंना नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठीकडे बघून कळायला डोळे चांगले असावे लागत नाहीत.

ठरल्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. साहेबांनी तक्ता गुंडाळून नेला होता, तक्रारीचा पुरावा म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर पसरला आणि बोट फिरवत खाली आल्या. पोहोचली नाही. पोहोचली नाही. पोहोचली नाही. मग बोट थांबलं.

"हे काय? या गुरुवारी सकाळची पोहोचली आहे. सात चाळीस."

साहेबांना आठवलं. त्या दिवशी सकाळी त्यांनी शर्टाची दोन बटणं स्वतः लावली होती. योगायोग समजून कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त तक्त्यात वेळ लिहायला सांगितली होती, कारण तक्त्यात खोटं लिहायचं नसतं.

"गुरुवारी सकाळी वेगळं काय केलंत?"

दोघांनी बराच विचार केला. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "गुरुवारी दूध नासलं होतं."

"कसलं दूध?"

मग दूध बाहेर आलं. दुधामागून अंडं आलं. अंड्यामागून शेंगदाणे आले. डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि हसू आवरत समजावून सांगितलं. ही गोळी आणि दूध-अंड्यातली प्रथिनं पोटातून आत शिरायला एकाच दारावर उभी राहतात. प्रथिनांची गर्दी आधी घुसते आणि गोळी बाहेर ताटकळत राहते. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "जेवण म्हटलं, दूध म्हटलं नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्या. मळमळलं तर एखादं साधं बिस्किट. दूध, अंडं सगळं खा, पण तासाभराने."

साहेबांना एका क्षणात सगळं समजलं. अरुंद फाटक, एक साधी गाडी, आणि तिच्यापुढे घुसलेल्या तीन भरगच्च जादा गाड्या. एकतीस वर्षांत असा गोंधळ त्यांनी हजार वेळा सोडवला होता, आणि स्वतःच्या पोटात तो महिनाभर रोज तीनदा चालला होता.

बाहेर आल्यावर बाई पायरीवरच बसल्या. "म्हणजे महिनाभर मीच तुमची गोळी अडवत होते," त्या म्हणाल्या.

साहेबांना राग यायला हवा होता. आला नाही. या बाईने न दिसणाऱ्या डोळ्यांनी, चाचपडत, रोज तीन वेळा दूध तापवलं होतं आणि एकदाही सांडलं नव्हतं. इमारतीतली दोन घरं आपापल्या घरातलं काढून त्यांना देत होती. कुणा माणसाचं इतकं भलं चिंतलं जातं की औषधालाही जागा उरू नये? ते बायकोच्या शेजारी, सावकाश, सांगितल्याप्रमाणे सावकाश बसले. "अगं, माझी हाडं बघ कशी झालीत," ते म्हणाले. "आता पडलो तर पायरी फुटेल." तेव्हा कुठे त्या हसल्या.

इमारतीला समजावणं साहेबांना समजावण्यापेक्षा अवघड गेलं. ड्रिलच्या बाईंना हा अंड्याचा अपमान वाटला. पण दुसऱ्या दिवशीपासून त्या एक वाजताऐवजी बरोबर दोनला अंडं घेऊन हजर राहू लागल्या आणि घड्याळवाल्यांनी त्यांच्यासाठी गजर लावून दिला. पाचव्या दिवशी सकाळी सात पस्तीसला साहेबांनी तीन बटणं लावली. दहाव्या दिवशी सगळी, कॉलरचं धरून. हात पूर्ण थांबला नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं. पण जो हात पूर्वी वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जायचा, तो आता निदान विचारून जायला लागला. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, "पोहोचली," आणि पुढे, कुणी न सांगता, "आभारी आहोत." आभार कुणाचे, ते लिहिलं नव्हतं. साहेबांनीही ते खोडायला लावलं नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेब गोळी घेऊन, वेळ धरून, खिडकीपुढे हजर झाले. कारकुनाने ओळखलं. "कमी पेशंट आले वाटतं," तो म्हणाला. बातमी वाईट होती. रबरी डोकं कपाटात कुलूपबंद होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर गेले होते.

"पुढच्या आठवड्यात या," तो म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे!"

"शिक्क्याशिवाय ऑपरेशन नाही. डोक्याशिवाय शिक्का नाही."

तेव्हा कंट्रोलरसाहेबांच्या तोंडून चार वर्षांत न ऐकलेला आवाज निघाला. आजाराने त्यांचा आवाजही बारीक करून टाकला होता, पण आता तो डेपोच्या फाटकावरून येत होता. "एका कुलपासाठी गाडी रद्द होत नसते!" सगळी रांग वळून बघू लागली. आणि राग आला तसा हातही सुटला, पूर्वीसारखा, टपटप खांबावर वाजू लागला. साहेबांनी तो दुसऱ्या हाताने धरला. आता संपलं, असं त्यांना वाटलं.

आवाज ऐकून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, हात पाहिला, बाईंना पाहिलं. बाई या वेळी खांबाला नव्हे, सरळ सिस्टरांनाच म्हणाल्या, "यांना टाकू द्या हो. हे सहा आठवडे फक्त याचसाठी औषध घेतायत."

सिस्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि बाकावर आडव्या झाल्या. "माझेही डोळे दिवसभर कोरडे पडतात," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "मला रोजचे थेंब टाकायचेच आहेत. बाटली घ्या. पाचपैकी तीन."

साहेबांचा पहिला थेंब सिस्टरांच्या भुवईवर पडला. "शून्य," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"मोजणाऱ्यांनी बाहेर जावं," सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या, आणि मग एकदम हळू आवाजात, "काका, हात हवेत ठेवू नका. मनगट माझ्या कपाळावर टेका. टेकलंत? आता हलू दे त्याला. माझं डोकंही त्याच्याबरोबर हलेल. घाई नाही."

साहेबांनी मनगट टेकलं. हात हलत होता, पण आता तो एकटा नव्हता. दुसरा थेंब डोळ्यात पडला. तिसरा पडला. चौथा पडला, आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. सिस्टर उठल्या, दोन्ही गालांवरचं औषध पुसलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "शिक्का. आणि सोबतीच्या प्रकृतीपुढे धडधाकट लिहा."

"धडधाकट?" कारकुनाने साहेबांच्या हाताकडे पाहिलं.

"माझ्या डोळ्यात बघून लिहा," सिस्टर म्हणाल्या. त्याने लिहिलं.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. लेक आली, दहा दिवस राहिली आणि त्या दहा दिवसांत वडिलांनी तिला बाटलीला हात लावू दिला नाही, म्हणून रुसली. पट्टी निघाली तेव्हा बाईंनी आधी छतावरची जळमटं पाहिली, मग नवऱ्याला. "अहो," त्या म्हणाल्या, "किती म्हातारे झालात हो तुम्ही! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

लेक गेली त्या दुपारी घरात दोघंच होती. चारची वेळ झाली. बाई खाटेवर आडव्या झाल्या आणि साहेबांनी मनगट त्यांच्या कपाळावर टेकलं. आता सवय झाली होती, पण लेक शेजारी नसताना ही पहिलीच वेळ, म्हणून हात जरा जास्तच हलत होता. बाईंनी डोळा उघडा ठेवला, अगदी विश्वासाने, जराही न मिटता. थेंब पडला.

"पडला?" साहेबांनी विचारलं.

"पडला."

पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत गेलं, उशी भिजली. साहेब घाबरले. "जास्त पडले का गं? मी तर एकच..."

"एकच पडला," बाई म्हणाल्या. "बाकीचे माझे आहेत."

"अगं, रडू नकोस! औषध वाहून जाईल सगळं."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "दुसरा टाका. आता येतंय तुम्हाला."